बागाईतदाराच्या घरचा सौरदिवा

आमच्या किनारपट्टीवर विजेचे खांब पोहोंचले, तरी अंधाराची भीति सर्वस्वीं गेली असें म्हणतां येत नाहीं. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्यानें अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, खांब व तारा जमिनीवर आल्या, आणि कित्येक गांवांस आठवडेच्या आठवडे विजेवांचून काढावे लागले. उरण तालुक्यांतील घारापुरी बेटावरून तर मुंबईचे दिवे रोज दिसत. परंतु तेथील तीन वस्त्यांस समुद्रतळांतील केबलनें वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें. तोंपर्यंत सायंकाळीं कांहीं तास चालणाऱ्या डिझेलच्या जनित्रावर भिस्त होती. पंचनाम्यांत पडलेलीं झाडें मोजलीं जातात. अंधारांत काढलेल्या रात्री कोणी मोजीत नाहीं. म्हणून सौरदिव्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी येथें देण्याचें योजिलें आहे. त्यांचें सार एवढेंच कीं, हा दिवा वैशाखाच्या उन्हाकडे पाहून नव्हे, तर आषाढाच्या ढगांकडे पाहून घ्यावा.

रचना :— या दिव्याचीं अंगें चार: पॅनेल, बॅटरी, नियंत्रक व एलईडी दिवा. पॅनेलांतील सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रकाश पडला म्हणजे वीज उत्पन्न होते. हें कार्य प्रकाशाचें आहे, उष्णतेचें नव्हे. उलट पॅनेल फार तापल्यास वीज थोडी कमीच मिळते. ती दिवसा बॅटरींत सांठते. बॅटरी प्रमाणाबाहेर भरूं नये व अगदीं रिती होऊं नये, हें नियंत्रक पाहतो. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाच्या जवळपास उजेड देतो, म्हणूनच लहानशा पॅनेलवर काम भागतें.

हिशेब :— १० वॅटच्या पॅनेलवर दिवसांत ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश पडला, तर ५० वॅट-तास वीज होते. सांठवणींतील व तारांतील तूट वजा जातां सुमारें ३५ उरते. तीवर ५ वॅटचा दिवा ७ तास चालेल. परंतु संततधारेच्या दिवशीं दीड तासाच्या उन्हाइतका प्रकाश मिळाला असें धरल्यास हातीं १० वॅट-तास येतात, आणि तोच दिवा २ तासांत विझतो. याकरितां आमचें मत असें कीं, अशा एका दिव्यास २० वॅटचें पॅनेल घ्यावें व बॅटरी तीन रात्री पुरेल अशी असावी. रोज ५ तास दिवा लावल्यास तीन रात्रींस ७५ वॅट-तास लागतात, १२.८ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी सुमारें ८९ वॅट-तास सांठविते.

जागा :— पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारें १८ अंश उतार देऊन बसवावें. चकत्या एकापुढें एक जोडलेल्या असल्यामुळें एका झांवळीची सांवली पडली तरी वीज फार घटते. वाडींत नारळाखालीं रोवलेले, माथ्यावरच पॅनेल असलेले दिवे निरुपयोगी ठरतात तें याच कारणानें. पॅनेल कौलांवर किंवा उघड्या जागीं ठेवून तारेनें दिवा वाडींत न्यावा.

निगा :— खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजतें व तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे आणि जोड नीट बंद करावे. कांचेवरील खार व धूळ सकाळीं, कांच थंड असतां, गोड्या पाण्यानें व मऊ फडक्यानें पुसावी. पॅनेल सहज सोडवितां येईल असें बसवावें. वादळाचा इशारा मिळतांच तें घरांत घेतल्यास वादळ सरतांच पुन्हा उपयोगीं पडतें.

बाहेरचा उजेड :— विहीर, गोठा व वाडीची वाट या जागीं दिवा अवश्य असावा, कारण फुरसें व मण्यार पायाखालीं येण्याचें भय रात्रींच. परंतु उजेडावर किडे येतात, किड्यांमागें बेडूक व बेडकांमागें साप. यास्तव दिवा दाराच्या अगदीं वर न टांगतां थोडा दूर, पिवळसर व खालीं वळविलेला असावा. दिवेआगर-हरिहरेश्वर बाजूच्या किनाऱ्यालगतच्या बंधूंनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथें ऑलिव्ह रिडले कासवें हिंवाळ्यांत अंडीं घालतात. पिलें अंड्यांतून निघतांच उजळ क्षितिजाकडे धांवतात. किनाऱ्यावर दिवा दिसला तर समुद्र सोडून वस्तीकडे वळतात व मरतात. त्या ऋतूंत समुद्राकडील दिवे आडोशाचे करावे अथवा विझवावे.

शेवटीं सभासदांस सुचवावेंसें वाटतें कीं, एकेकट्यानें बाजारांतील स्वस्त दिवा आणण्यापेक्षां दहा घरांनीं मिळून एकाच जातीचे दिवे घ्यावे. त्यांच्या बॅटऱ्या परस्परांस चालतात व दुरुस्तीचा खर्च वांटला जातो. आणि पुढील वादळांत, सर्व तारा तुटल्या तरी, गांवांतील निदान दहा ओसऱ्या उजळ राहतील.