कोणतं औषध?

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत कुणी ‘औषध घेतलं’ म्हणालं, की ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. सर्दीवर घ्यायचं तेही औषध, उसावर फवारायचं तेही औषध, साठवणीच्या गव्हात ठेवायच्या गोळ्या त्याही औषधच. मेडिकलच्या कपाटातल्या आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या वस्तूंना आपण एकच शब्द ठेवला. त्याचं ओझं शेवटी येऊन पडतं ते प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञावर. त्याच्या टेबलावर सीलबंद बरणी येते, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘विषारी औषध प्राशन केल्याने’. कोणतं, ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

अशा रुग्णाला घेऊन काष्टीतून गाडी निघते ती श्रीगोंद्याला, नाहीतर भीमा ओलांडून दौंडला, आणि गरज पडली तर पुढे पुण्याला. डॉक्टर प्रयोगशाळेची वाट बघत बसत नाहीत, बसून चालतही नाही. बुबुळांमधल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तोंडातून लाळ गळतेय, घामाने कपडे भिजलेत, नाडी मंद आहे, एवढ्यावर फवारणीतल्या ऑरगॅनोफॉस्फरस गटाचा संशय घेऊन ॲट्रोपिन सुरू होतं. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकायला शरीरात कोलिनेस्टरेज नावाचं विकर असतं. ही कीटकनाशकं नेमकं तेच अडवतात. मग निरोप पुसलाच जात नाही, ग्रंथी आणि स्नायू थांबायचं विसरतात. रक्तातल्या या विकराची ताकद मोजली की संशय पक्का होतो. चाचणी साधी आहे, फार महागडी नाही. ती विषाचं नाव सांगत नाही, पण विषाने केलेलं नुकसान दाखवते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले, शेकडो आजारी पडले, तेव्हा हीच चाचणी वेळेवर का झाली नाही हा प्रश्न गाजला. फवारणीच्या हंगामात ती तालुक्याच्या ठिकाणी झालीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

साठवणीच्या गोळ्यांचा संशय असेल तर खूण वेगळी. त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. पोटातल्या द्रवाजवळ सिल्व्हर नायट्रेटचा ओला कागद धरला की तो काळा पडतो. हायड्रोजन सल्फाइडनेही कागद काळवंडतो, म्हणून त्याचा कागद वेगळा लावून बघायचा. एवढं बाजूला ठेवलं, तर यंत्राशिवाय काही मिनिटांत उत्तराचा अंदाज देणारी ही चाचणी आहे.

रुग्ण वाचला नाही, तर दुसरी वाट सुरू होते. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर मृत्यूच्या कारणाच्या जागी लिहिलं जातं, ‘व्हिसेरा राखून ठेवला’. घरच्यांना या शब्दाची भीती वाटते, म्हणून सांगतो. एका बरणीत जठर, त्यातलं अन्न आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृताचा भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. यकृत महत्त्वाचं, कारण पोटातून रक्तात गेलेलं जवळजवळ सगळं त्याच्यातून जातं. हे टिकवायला लागतं ते मिठाचं पाणी, आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारट. बरणी काठोकाठ भरत नाहीत, सडण्याने वायू झाला तर तिला जागा हवी. आणि त्याच मिठाच्या पाण्याची एक बाटली वेगळी पाठवतात, म्हणजे उद्या कोर्टात ‘विष मिठातच होतं’ असं म्हणायला वाव राहू नये. या वेगळ्या बाटलीमागची शिस्त मला फार मोलाची वाटते.

रक्ताची बाटली निराळी. तिच्यात सोडियम फ्लोराइड घालतात. नाहीतर रक्तातले जंतू साखरेपासून अल्कोहोल तयार करतात, आणि आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस कागदावर दारुड्या ठरतो. त्याच कारणाने, जिवंत माणसाचं रक्त दारूच्या तपासणीसाठी काढताना सुई टोचायच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवायचा नसतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक मापावर खटला उभा राहत असेल, तर बोळासुद्धा पुरावा बिघडवू शकतो.

मुंबईत कलिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं संचालनालय आहे, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत विभागीय प्रयोगशाळा. जुने हवालदार अजून ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात, केमिकल ॲनालायझरचा. तिथे पहिलं काम असतं विष मांसातून सोडवण्याचं. त्याची किल्ली 1850 मध्ये बेल्जियमच्या ज्याँ स्तास यांना सापडली, एका सरदाराने मेव्हण्याला निकोटीन पाजून मारल्याच्या प्रकरणात. अशी वनस्पतिजन्य विषं आम्लात असली की पाण्यात राहतात, आणि तेच पाणी अल्कधर्मी केलं की पाणी सोडून ईथरमध्ये जातात. दोनदा कूस बदलायला लावायची, की विष एकीकडे आणि चरबी, प्रथिनं दुसरीकडे. आज द्रावकं बदलली, पण कल्पना तीच आहे.

मग त्या अर्काचा ठिपका सिलिकाचा थर दिलेल्या काचेवर ठेवतात. शाळेत गाळणकागदावर शाईचा ठिपका देऊन त्याचं टोक पाण्यात बुडवलं होतं, आणि रंग वेगवेगळ्या उंचीवर चढले होते, आठवतं? तीच ही थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. कुठल्या उंचीवर ठिपका थांबला, कुठल्या फवाऱ्याने कुठला रंग आला, यावरून विषाचा गट कळतो. नाव पक्कं करायला जीसी-एमएस. भट्टीत वेटोळं करून ठेवलेली, साधारण तीस मीटर लांब आणि केसासारखी बारीक नळी. अर्काची वाफ तिच्यातून जाताना प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. बाहेर पडला की इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्याचे तुकडे करतात आणि तुकड्यांची वजनं मोजतात. बांगडी कुठलीही फोडली तरी तुकडे वेगळे, पण रेणूचं तसं नाही. तो दर वेळी ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या प्रमाणात तुटतो, म्हणून तुकड्यांवरून रेणू ओळखता येतो. जे रसायन तापवल्यावर वाफ न होता करपतं, त्याच्यासाठी द्रवावर चालणारं एलसी-एमएस. आर्सेनिक, शिसं अशा धातूंसाठी यंत्रं आणखी निराळी.

इथेच सगळ्यांची गफलत होते. ही यंत्रं सर्वज्ञ नाहीत. जे शोधायचं ठरवलं, त्याच रस्त्याने ती जातात. अर्क काढण्याची एक रीत एका गटाला पकडते आणि दुसऱ्याला सोडून देते. बनावट दारूचंच घ्या. 2015 मध्ये मालवणीत मेथॅनॉलने शंभरावर बळी घेतले. 2017 च्या फेब्रुवारीत आपल्या नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणातली दारू पिऊन माणसं गेली, आणि तपास पोचला तो थेट जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनपर्यंत. मेथॅनॉल शरीरात गेल्यावर फॉर्मिक आम्ल बनतं, खरा घात तेच करतं. उशिरा घेतलेल्या रक्तात मेथॅनॉल संपत आलेलं असू शकतं. त्या वेळी आम्ल शोधावं लागतं, आणि ते शोधायचं हे कुणीतरी सांगावं लागतं.

‘रिपोर्ट निरंक आला’ म्हणजे विष नव्हतंच, असंही नाही. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासोबत मुंबईच्या गाडीत बसल्या. पहाटे त्या बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात दाखल झाल्या, त्याही खोट्या नावाने, आणि काही तासांत वारल्या. पोस्टमॉर्टेमला बरेच दिवस गेले. रासायनिक विश्लेषकाला विष सापडलं नाही. पुढे त्या विधवा बाईच्या नावाने पत्रं येत राहिली, आपण लग्न करून दूर गेल्याची. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खुनासाठी लागूंची फाशी कायम केली. मालमत्तेचा लोभ, खोटं नाव, बनावट पत्रं या साखळीवर. कित्येक विषं मागे खूण ठेवत नाहीत, हे न्यायालयाने मान्य केलं.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जनावरांचे जाणते भेटतात. कोवळी ज्वारी खाऊन गाय पडली, तर मालक डॉक्टरला एका दमात सांगतो, कुठल्या बांधाला चरली, किती वेळ, पाणी कधी पाजलं. डॉक्टर ‘किराळ’ म्हणतो आणि सुई भरतो. घरातली सून पडली तर तेच घर गप्प होतं. अब्रू आणि पोलीस या दोन्हींची धास्ती असते, म्हणून रिकामा डबा आधी उकिरड्यात जातो, कधी चुलीत. कुणी मिठाचं पाणी पाजून उलटी करवतं, ती फुप्फुसात जाऊन आणखी घात होतो. खरं तर त्या डब्यावर रसायनाचं नाव, प्रमाण आणि उतारा, सगळं छापलेलं असतं. तो डबा झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून, रुग्णाच्या गाडीतच ठेवायचा. आणि बरणीसोबत जाणाऱ्या कागदावर ‘विषारी औषध’ या दोन शब्दांपुढे लेबलवरचं नाव उतरवायला सांगायचं.