दम्याची वही

दमा दम घेऊनच जातो, असे आपल्याकडे म्हणतात. या एका वाक्याने दमेकऱ्यांचे फार नुकसान केले आहे, असे मला वाटते. तो जाणारच नाही असे एकदा ठरले, की कशाने उठतो हे पाहण्याचे कारणच उरत नाही.

आमच्या आईला दमा आहे. दही, केळी, पेरू, काकडी या सर्वांवर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून बंदी घातलेली, भातसुद्धा दुपारीच. मात्र पहाटे चुलीपुढे बसणे, आजीची मिश्री तव्यावर भाजणे, सणापूर्वी जळमटे काढणे या कामांबद्दल कोणाचीच हरकत नव्हती. घरात गॅसची टाकी होती, पण ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती. भाकरी चुलीवरच.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. त्यामुळे त्या फार हळव्या होतात. ज्या धुराने इतरांना नुसता ठसका लागतो, त्याच धुराने दमेकऱ्याच्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, अस्तर आणखी सुजते, चिकट कफ साठतो. आत घेतलेली हवा बाहेर पडताना अडते, आणि छातीतून शिटीसारखा आवाज येतो. धूर टाळला म्हणून आजार नाहीसा होत नाही, परंतु त्याचे उठणे कमी होते.

प्रत्येकाचे निमित्त मात्र निराळे. ते कसे शोधतात याचे एक उदाहरण मला फार आवडले. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असे घडले, की एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत अचानक गर्दी झाली. डॉक्टरांनी त्या तारखा बंदरातील नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरवले जात होते, आणि कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. हे सारे उमगले ते तारखांवरून.

आईच्या डॉक्टरांनीही तारखाच मागितल्या. घरात लिहिणारे माणूस मी एकटेच, म्हणून वही माझ्याकडे आली. श्रावणापासून संक्रांतीपर्यंत प्रत्येक वेळी तारीख, वेळ, त्याआधी केलेले काम आणि हवा एवढेच लिहिले. गोपाळकाल्याचा प्रसाद म्हणून आईने दही घातलेले पोहे खाल्ले, त्या रात्री ती शांत झोपली. मिश्री भाजली की तासाभरात खोकला. दसऱ्याच्या साफसफाईनंतर दोन रात्री बसून काढल्या. थंडी पडताच माळ्यावरच्या गोधड्या काढल्या, त्या आठवड्यात पहाटे तीनला धाप लागली. खाण्याने दमा उठतच नाही असे नव्हे; काहींना एखादा पदार्थ खरोखरच बाधतो. पण तो नोंदीवरून ठरवावा, ऐकीव गोष्टीवरून नव्हे.

गोधडीचे नवल वाटेल. अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे जीव राहतात. आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा हे त्यांचे खाद्य. ते चावत नाहीत. त्यांची विष्ठा धुळीबरोबर श्वासात जाते, ती बाधते. दमट हवेत ते वाढतात. म्हणून अभ्रे, चादरी आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्यात, गोधड्यांना कडक ऊन द्यावे, आणि झटकण्याचे काम दुसऱ्याने करावे. केरसुणीने धुरळा उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेले बरे. पावसाळ्यात भिंतीवर धरणारी बुरशी आणि झुरळेही त्याच यादीतली.

गाजरगवताचे परागही अनेकांना बाधतात. ते फुलण्याआधी उपटावे, पण दमेकऱ्याने नव्हे. उदबत्ती, फटाके, विडी यांविषयी वेगळे सांगायला नको. तथापि विडी दुसऱ्याने ओढली तरी बाधतेच. सर्दी-पडसे हे तर सर्वांत नेहमीचे निमित्त. अंगदुखीवरच्या अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी काहींना जोराचा झटका येतो, म्हणून त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. धावण्याने धाप लागते म्हणून खेळ सोडण्याची मात्र गरज नाही. औषध नीट चालू असेल तर खेळता येते.

औषधावरून आठवले. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य आईला दहा जणींनी तरी ऐकवले असेल. तिने तो लपवून ठेवला होता, धाप लागली की पदराआड ओढायचा. वास्तविक सूज उतरवणारे पंपाचे औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट नळ्यांत जाते, आणि ते बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावयाचे असते. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट म्हटले आहे. आणि एक वाक्य सलग बोलता येईनासे झाले, ओठ निळसर दिसू लागले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता आमच्याकडे भाकरी गॅसवर होते. आजी गोठ्यामागे जाऊन आपली मिश्री आपणच भाजते, थोडी कुरकुर करते. पूर्वी चार महिने पुरणारी टाकी दीड महिन्यात संपते, आणि दर वेळी वडील तो हिशेब एकदा तरी मोठ्याने बोलून दाखवतात.