पहिली अक्षरे आणि वाकसाचा दांडा

नालासोपारा म्हणजे पाली साहित्यातील सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा येथे मिळाला, तर नवव्या लेखाचा खंड १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. आपल्या पूर्वजांचे शब्द स्वतः वाचावेत, या इच्छेने उपासक-उपासिका धम्मलिपी शिकू लागतात. परंतु पुष्कळांची वही काही आठवड्यांतच मिटते.

याचे कारण बुद्धिमांद्य नव्हे. देवनागरी सहज वाचणारा मनुष्य येथे एकाएकी बालवर्गात जाऊन बसतो. ‘न’ आणि ‘ण’ यांत एका आडव्या रेघेचा फरक, ‘ठ’ आणि ‘थ’ यांत केवळ एका बिंदूचा. जोडाक्षरातील द्वित्त लिहिले जात नाही. ‘धम्म’ हा शब्द ‘धंम’ असा दिसतो. श्रम होतात, प्रगती मात्र दिसत नाही.

अशा अवस्थेसाठी संयुत्त निकायात एक उपमा आहे. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. आज दांडा किती झिजला, काल किती, हे त्याला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजला हे कळते. तथागतांनी ही उपमा आस्रवक्षयाविषयी दिली असली, तरी विद्याभ्यासालाही ती लागू पडते. रोजची प्रगती मोजता येत नाही, म्हणून ती होत नाही असे नव्हे.

ही लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनाही एकदम सर्व अक्षरे कळली नव्हती. सांचीच्या अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. तो शब्द ‘दानं’ असावा, हे ओळखताच १८३७ साली पुढील वाट मोकळी झाली. नवशिक्यानेही हाच क्रम धरावा. संपूर्ण वर्णमालेचा बोजा न घेता चार-पाच अक्षरे घ्यावीत आणि त्यांतून बनणारा शब्द लेखात शोधावा.

मात्र अति उत्साहही घातक होय. सोण कोळिविस यांना भगवंतांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार अति ताणलेली नको, ढिलीही नको. एका रविवारी सहा तास बसून पुढे महिनाभर वही न उघडण्यापेक्षा रोजचा अर्धा तास श्रेयस्कर.

कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नामक भाणकाचे दान कोरलेले आहे. तेथील अक्षरांचे वळण अशोककाळाहून थोडे निराळे आहे. तरीही स, प, र, क ही चार अक्षरे ज्याने घोटली आहेत, त्याला त्या लेखातील ‘सोपारक’ शोधता येईल. मग आपल्या गावाचे नाव दगडावर काय सांगते, हे त्याला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.