चाळीस दिवस उपवास, पन्नास दिवस सण

बेंगळुरू, एप्रिल २०२६

गेल्या सप्टेंबरात एका आठवड्यात वसईहून मला सात फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. "तुमच्याकडच्या चर्चने महाराजांचं नाव काढायला लावलं, हे खरं का?" झालं होतं ते असं. ८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, इथल्या शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात सण होता. मुख्यमंत्री सिद्धरामय्या आले होते. तिथल्या नव्या शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव देण्याची शिफारस केंद्राकडे करू, असं ते म्हणाले. हा शिवाजी महाराजांचा अपमान आहे, असं देवेंद्र फडणवीसांनी सुनावलं. बातमी वसईत पोहोचली आणि आमच्या घरचा फोन वाजत राहिला.

मी वसईची, कॅथलिक, मराठी बोलत वाढलेली. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये खेळले आणि चिमाजी अप्पांचा इतिहास शाळेत अभिमानाने पाठ केला. महाराज माझे आणि मारियामाताही माझीच. या दोघांतून एक निवड, असं कुणी म्हटलं की मला फार त्रास होतो. त्यात फोन करणाऱ्या सातांपैकी एकालाही त्या माउलीची काही माहिती नव्हती. म्हणून हे पत्र.

पहिला गैरसमज असा की ही बॅसिलिका कुठलीतरी इंग्रजी, गोऱ्यांची जागा असावी. बेंगळुरूला येण्याआधी मीही हेच समजत होते. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी सप्टेंबरात रिक्षात बसले, तर रिक्षावाला म्हणाला, "अक्का, शिवाजीनगर आज नको, अम्मन हब्ब." हब्ब म्हणजे सण. तो स्वतः हिंदू होता, पण बोलताना 'तुमच्या मेरीचा' न म्हणता 'अम्माचा' म्हणाला. मी हट्टाने उतरून चालत गेले. रस्ता केशरी साड्यांनी भरून गेला होता. २९ ऑगस्टला झेंडा चढतो, नऊ दिवसांची नोव्हेना-प्रार्थना चालते आणि कितीतरी भाविक ते दिवस केशरी कपड्यांत काढतात. आत मारियामाता साडी नेसून उभी. संध्याकाळी ती रथातून रस्त्यावर निघते. त्या रथाला तमिळ माणसं 'तेर' म्हणतात. गर्दीत बुरख्यातल्या बायका होत्या, कुंकू लावलेल्या होत्या, गळ्यात जपमाळ घातलेल्या होत्या, आणि सगळ्यांच्या हातांत मेणबत्त्या.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मग ते आपलं कसं राहिलं?"

आईसारखं अनेकांना वाटतं, म्हणून सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ साली, याच बेंगळुरूत फादर अमलोरपवदास यांनी उपासना आणि धर्मशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र उभारलं. १९६९ साली रोमने भारतीय उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. मांडी घालून बसणं, हात जोडून नमन, आरती, तेलाचा दिवा या त्यांतल्याच. साडीतल्या मारियेला बघून नाक मुरडण्याचं आपल्याला काही कारण नाही. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आबे द्युब्वा नावाचे फ्रेंच धर्मगुरू या भागात इथल्या लोकांसारखे कपडे घालून, त्यांच्यासारखं जेवून राहिले होते. बॅसिलिकाची सुरुवात त्यांनी बांधलेल्या गवताच्या छपराच्या प्रार्थनाघरातून झाली. आजची इमारत १८८२ची. तेव्हा या वस्तीला ब्लॅकपल्ली म्हणत. पुण्यातल्या प्लेगच्या पाठोपाठ १८९८ साली इथेही प्लेग आला. त्या वेळी लोकांनी अम्माला साकडं घातलं, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. त्याच भीतीतून शहरात प्लेग मारम्माची देवळंही उभी राहिली. ज्या आईकडे जीव वाचवायला धावायचं, तिचा धर्म तेव्हा कुणी विचारला नव्हता.

मुंबईकर म्हणतील, आमची मोत माउली काय कमी आहे? मुळीच नाही. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी बांद्र्याच्या टेकडीवर सुरू होणारी ती जत्रा मी लहानपणापासून पाहिली आहे. तिथेही सगळ्या धर्मांचे लोक येतात. पण बांद्र्याला आपण 'जाऊन येतो', तर इथे अम्मा रस्त्यावर येते आणि दुकानदार आपलं सामान आत ओढून तिला वाट करून देतात. रसेल मार्केट १९२७चं, बॅसिलिकाच्या अगदी जवळ. तिथले मुसलमान फळवाले गिऱ्हाइकांना नोव्हेनाच्या वेळा सांगतात. वसईत आम्ही सण निगुतीने करतो, पण आपल्या कुंपणाच्या आत. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी दिवाळीला मला फराळाला बोलवायच्या. ईस्टरला मी त्यांना एकदाही बोलावलं नाही. इथे येईपर्यंत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता बेंगळुरूवरचा राग सांगते, कारण तोही खरा आहे. एकदा चर्चच्या मुलांची प्रश्नमंजूषा होती. प्रश्न होता, पहिला भारतीय संत कोण? मुलांनी उत्तर दिलं, अल्फोन्सा. परीक्षकांनी गुण दिले. मी उभी राहिले. संत अल्फोन्सा २००८ साली घोषित झाल्या आणि त्या संतपद मिळालेल्या पहिल्या भारतीय स्त्री. पण वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवून मारलं गेलं आणि १८६२ साली त्याला संतपद मिळालं. दोघांमध्ये १४६ वर्षांचं अंतर आहे. परीक्षकांनी माझं ऐकून घेतलं, पण गुण तसेच ठेवले. घरी येऊन दैनिक चिंतनाचं पुस्तक उघडलं. त्याच्या सणाच्या, ६ फेब्रुवारीच्या पानावर होतं, 'संत पॉल मिकी आणि सोबती'. सव्वीस हुतात्म्यांमधला आमचा वसईकर त्या 'सोबती' शब्दात बुडाला होता. त्या दिवशी मी पुस्तकात पेनाने त्याचं नाव लिहिलं आणि तेव्हापासून दर वर्षी नव्या पुस्तकात लिहिते. पण दोष फक्त बेंगळुरूचा नाही. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. तिथे शिकून गेलेल्या किती जणांना तो नागासाकीत का मेला हे सांगता येईल?

भाषेचंही तसंच. मी मिस्सा मराठीत ऐकत वाढले, हे सांगितलं की इथे लोक चकित होतात. मुंबईकडचे कॅथलिक म्हणजे गोवेकर, आणि ते इंग्रजी बोलणार, असं त्यांनी धरलेलं असतं. घरी महाराष्ट्रात तरी काय वेगळं आहे? फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६चं, तुकाराम महाराज हयात होते तेव्हाचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही 'हे मराठी कसे?' असं विचारणारे निघालेच. इथल्या चर्चांच्या फलकांवर कन्नड, तमिळ, इंग्रजी, कोंकणी आणि मल्याळम मिस्साच्या वेळा असतात. कुठल्या भाषेला किती जागा, यावर कन्नड आणि तमिळ भाविकांत कित्येक दशकं कडवट वाद झाले आहेत. ते वाद ऐकले की मला वसईची किंमत कळते. आम्ही आमच्या भाषेत प्रार्थना करतो आणि त्यासाठी आम्हाला कुणाशी भांडावं लागलं नाही. एवढं मोठं सुख आपल्याला मिळालं आहे, याची आपल्याला जाणीवच नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र चर्चच्या पंचांगाचा आहे. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, असं मराठी मित्र विचारतात. हिशेब चंद्राचा आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून कधी तो होळीच्या पौर्णिमेमागून येतो, तर कधी हनुमान जयंतीच्या. बेंगळुरूला चैत्री पौर्णिमेच्या रात्री करगा निघतो. मोगऱ्याच्या फुलांचा उंच मनोरा डोक्यावर घेऊन, स्त्रीवेशातला पुजारी द्रौपदीच्या नावाने मध्यरात्रीनंतर धर्मराय देवळातून बाहेर पडतो आणि वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही जातो. गेल्या वर्षी १२ एप्रिलच्या रात्री मी तो पाहायला गेले. झोपेविना परतले, तोंड धुतलं आणि सरळ चर्चमध्ये गेले, कारण उजाडलं तो झावळ्यांचा रविवार होता. केसांत रात्रीच्या मोगऱ्याचा वास आणि हातात झावळी. चंद्र तोच, शहरही तेच. मेट्रोच्या नावावरून भांडणाऱ्या प्रत्येकाला मला ती सकाळ दाखवावीशी वाटते.

त्यानंतर आठ दिवसांनी, २१ एप्रिलला, मी रसेल मार्केटमध्ये पपई घेत होते. फळवाले चाचा फोनमधून डोकं वर काढून म्हणाले, "बहनजी, आपके पोप गुजर गए." पोप फ्रान्सिस गेल्याचं मला मुसलमान माणसाने सांगितलं आणि पैसे घेताना त्याने दोन क्षण मान खाली घातली. ईस्टरचा तो दुसरा दिवस होता. पंचांगात ईस्टरपासूनचे आठ दिवस एकच दिवस धरतात. म्हणजे फ्रान्सिस ईस्टरच्याच दिवशी गेले. पण संध्याकाळच्या मिस्साला आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये मी माणसं मोजली, तेवीस. आदल्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती.

हेच माझं दुखणं आहे आणि ते बेंगळुरू-वसई दोन्हीकडे सारखं आहे. राखेच्या बुधवारपासूनचे चाळीस दिवस आपण किती कसोशीने पाळतो! मटण बंद, लग्नं बंद, दर शुक्रवारी क्रुसाची वाट. मग ईस्टरचा रविवार येतो, जेवणं होतात आणि सोमवारी सगळं संपतं. पण ते संपत नाही. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा सण आहे. चर्चने दुःखाला चाळीस दिवस दिले आणि आनंदाला त्याहून दहा जास्त. ज्या मोठ्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे आकडे कोरतात, ती हे पन्नास दिवस वेदीजवळ तेवते. उपवासकाळात जिभेवर येऊ न दिलेला आल्लेलुया रोज म्हणायचा असतो. वाचनं रोज प्रेषितांच्या कृत्यांमधली, घाबरून दार लावून बसलेली माणसं बाहेर कशी पडली त्याची. मधेच १ मे येतो. आपला महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि १९५५ साली पोप बाराव्या पायसनी कामगार संत जोसेफला दिलेला दिवस. इकडे कन्नड राज्योत्सव १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी. लाल-पिवळे झेंडे आणि संतांची नावं एकाच सकाळी भेटतात. इतकं समोर मांडून ठेवलेलं असताना आपण ईस्टरच्या सोमवारी पंचांग मिटून ठेवतो.

आई आणि मी ते मिटत नाही. जगभर बहुतेक कॅथलिक चर्चांत त्या-त्या दिवशीचं वाचन एकच असतं. वसईत ती दिब्रिटोंच्या सुबोध बायबलमधून वाचते, मी इथे इंग्रजीतून, आणि सात वाजता फोनवर दोन वाक्यं बोलतो. यंदा ईस्टर ५ एप्रिलला झाला. त्यानंतरच्या बुधवारी एम्माउसच्या वाटेवरची गोष्ट होती. दोन शिष्य चालले आहेत, सोबत एक अनोळखी माणूस. उठलेला ख्रिस्त तोच आहे, पण त्यांना ओळख पटत नाही. पटते ती जेवताना, तो भाकर मोडतो तेव्हा. आई म्हणाली, "ओळखलं नव्हतं तरी त्यांनी घरी बोलावलं बघ. आधी बोलावलं, मग ओळख पटली."

मी दुपारी रसेल मार्केटला गेले आणि चाचांना घरी जेवायला बोलावलं. ते, त्यांची बायको आणि नातू रविवारी आले. ईस्टरला काय करतात, असं नातवाने विचारलं. मी त्याला पन्नास दिवसांचा हिशेब सांगितला.

वसईकरांनो, सण अजून चालू आहे. पेंटेकॉस्ट २४ मे रोजी आहे. तोवर रोज मराठीत एक उतारा वाचा, आणि ज्या शेजाऱ्याच्या दिवाळीचा फराळ वर्षानुवर्षं खाल्लात, त्याला एकदा घरी जेवायला बोलवा.