तारे वाचणारा निळा पक्षी

ध्रुवतारा कसा शोधायचा असे विचारले, तर सप्तर्षींच्या पहिल्या दोन ताऱ्यांतून रेघ पुढे न्यावी, असे तुम्ही चटकन सांगाल. हे तुम्हांला कोणीतरी शिकवले. पण जेमतेम १४ ग्रॅम वजनाच्या पाखराला उत्तर दिशा कोण दाखवते?

हे पाखरू म्हणजे उत्तर अमेरिकेतील इंडिगो बंटिंग. आकार चिमणीहून थोडा लहान. उन्हाळ्यात नर सर्वांगी निळा, मादी मात्र तपकिरी. अमेरिकेच्या पूर्व भागात रानाच्या कडेला, रस्त्यालगतच्या झुडपांत तो राहतो; बिया व किडे खातो. उंच फांदीवर बसून नर गातो, ते गाणे तरुण नर शेजारच्या नरांकडून शिकतात.

गंमत अशी, की त्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य मुळीच नसते! पिसांच्या तंतूंत केराटिन व हवा यांची अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्यातून विखुरलेल्या निळ्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींना बळ देतात. उरलेला बराचसा प्रकाश खालचा काळपट थर शोषून घेतो. तेच पीस दिव्यासमोर धरून पाहिले, तर निळेपणा नाहीसा होतो.

शरद ऋतूत हे पक्षी रात्री उडत मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटांकडे जातात. स्टीफन एमलेन या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात त्यांना तारांगणात नेले. नरसाळ्यासारखा पिंजरा, तळाशी शाईची गादी, बाजूंना कागद. पक्षी ज्या दिशेला झेप घेई, तिकडे पावलांचे ठसे उमटत. कृत्रिम आकाशातील उत्तर-दक्षिण उलटवताच ठसेही उलटले!

पुढे एमलेनने पिले हाताने वाढवली. काहींना तारे दाखवलेच नाहीत. त्यांना शरदात दिशा ठरवता येईना. काहींना नेहमीचे आकाश दाखवले. ती दक्षिणेकडे वळली. उरलेल्यांना मृगातील काक्षी या ताऱ्याभोवती फिरणारे आकाश दाखवले. त्यांनी काक्षीलाच उत्तर मानून त्याकडे पाठ फिरवली! १९७० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणजे पिलू जन्मतः एखादा तारा ओळखत नाही; आकाशाचा कोणता भाग जागचा हलत नाही, हे ते पाहून शिकते. यात फायदाही आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो आणि ध्रुवतारा बदलत राहतो. पाठ केलेले उत्तर कालांतराने चुकले असते. शिकण्याची रीत मात्र चुकत नाही.

पण या शाळेला काळोख हवा. शहरांचे दिवे तारे पुसतात आणि रात्रीच्या प्रवाशांना भुलवतात. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोतील मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीच्या काचांवर आदळून सुमारे एक हजार स्थलांतरी पक्षी मेले. २०२४ मध्ये त्या काचांवर ठिपक्यांचा पातळ पडदा चिकटवल्यावर हे मृत्यू कमालीचे घटले. उपाय इतका साधा होता!

आज रात्री गच्चीवरचा दिवा मालवा. उत्तरेकडील चार-पाच ठळक तारे वहीत काढा आणि दोन तासांनी पुन्हा काढा. कोणता हलला नाही? त्या पिलाचा पहिला धडा तुम्हीही शिकलात!