विहिरीतला ऑक्सिडक

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या ग्रामपंचायतींत टीसीएल पावडरची जुळवाजुळव सुरू होते. नाकाला झोंबणारी ही पांढरी भुकटी जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत सोडतो. तिचे रूढ नाव ब्लीचिंग पावडर आणि रसायनशास्त्रातली तिची ओळख म्हणजे ऑक्सिडक. ऑक्सिडक नेमके काय करतो हे कळले, की पावडर टाकूनही एखाद्या गावात जुलाबाची साथ का पसरते, याचा उलगडा होऊ लागतो.

जो ऑक्सिजन देतो किंवा हायड्रोजन काढून घेतो तो ऑक्सिडक, अशी व्याख्या शाळेत पाठ होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि ती अपुरी आहे हे या पावडरमधल्या क्लोरीननेच दाखवून दिले.

स्वीडनमध्ये १७७४ साली कार्ल शेले याने पायरोलुसाइट हे काळे खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून तापवले आणि त्यातून हिरवट-पिवळा, गुदमरवणारा वायू निघाला. पायरोलुसाइट म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून ते निघते आणि टॉर्चच्या सेलमध्ये जाते. सेलमध्येही त्याचे काम ऑक्सिडकाचेच असते. शेलेच्या वायूने फुलापानांचे रंग उडत. आम्ल म्हटले की त्यात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए मानत असे. त्यामुळे आम्लातून निघालेल्या या वायूतही ऑक्सिजन दडलेला आहे, अशीच पुढच्या काळातल्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने तो ऑक्सिजन काढून दाखवण्याचा कसून प्रयत्न केला. ऑक्सिजन हिसकावून घेणारा कोळसा पांढराशुभ्र होईपर्यंत तापवूनही त्या वायूत ठेवला, पण हाती काहीच लागले नाही. अखेर १८१० साली त्याने हे मूलद्रव्यच आहे असे जाहीर केले आणि त्याला क्लोरीन हे नाव दिले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण काहीच सापडत नाही या निकालावरच डेव्हीने विश्वास ठेवला.

ऑक्सिजनचा अंशही नसताना क्लोरीन ऑक्सिडकासारखा का वागतो, हे कळायला मात्र इलेक्ट्रॉनचा शोध लागावा लागला. तो १८९७ साली लागला. दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतो तो ऑक्सिडक. ज्याच्याकडून ते घेतले जातात त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि घेणाऱ्याचे क्षपण. क्लोरीनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचा क्लोराइड होतो, म्हणजे आपल्या मिठात असतो तोच निरुपद्रवी आयन.

विहिरीत नेमके हेच घडते. ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि प्रथिनांतल्या गंधकयुक्त भागांकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. प्रथिने निकामी होतात आणि जंतू मरतो. पाणी अल्कधर्मी असेल तर याच आम्लाचा ऋणभारित हायपोक्लोराइट आयन होतो. जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित असल्यामुळे या आयनाला आत शिरणे जड जाते. सामू साधारण ७.५ असताना दोघांचे प्रमाण निम्मे-निम्मे असते.

मात्र ऑक्सिडकाला पटकीचा जंतू आणि कुजका पाला यांतला फरक कळत नाही. जो इलेक्ट्रॉन देईल त्याच्याकडून तो घेतो. पहिल्या पावसात गढूळ झालेल्या विहिरीत पाल्यापाचोळ्याचा अर्क, शेणाचे पाणी, अमोनिया आणि विरघळलेले लोह असते. पावडरचा मोठा वाटा त्यांच्यावरच खर्ची पडतो आणि जंतूंपर्यंत पोचायला फारसे काही उरत नाही. स्वच्छ पाण्यासाठी १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे ढोबळ माप आहे. गढूळ पाण्याला ते अपुरे पडते. म्हणूनच पाणी आधी निवळू द्यावे, मग पावडर टाकावी आणि निदान अर्धा तास थांबावे.

पावडरचेही वय पाहावे लागते. ताज्या मालात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उष्णता लागली की तो उडून जातो. पंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर उघडे पडलेले पोते दिसायला पांढरेच असते, पण त्यातला ऑक्सिडक कधीच संपलेला असू शकतो. आणि ही पावडर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. आम्लात तिच्यातला हायपोक्लोराइट क्लोराइडकडूनच इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि शेलेच्या भांड्यातला तोच विषारी वायू न्हाणीघरात भरतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणभूमीवर हाच वायू सोडला गेला होता.

पुरेसा क्लोरीन उरला की नाही, हे ओटी चाचणीत कळते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकतात. क्लोरीन शिल्लक असेल तर तो ऑर्थोटोलिडीनचेही इलेक्ट्रॉन काढतो आणि पाणी पिवळे होते. हे रसायन आरोग्याला घातक असल्याचा संशय असल्याने आता अनेक ठिकाणी डीपीडी नावाचे गुलाबी रंग देणारे रसायन वापरतात. ते केव्हाही बरे. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला हवा. हा नमुना टाकीजवळचा घेऊन उपयोग नाही. वाटेत फुटक्या पाइपातून गटाराचे पाणी शिरले तर त्याच्याशी झुंजायलाही हा उरलेला क्लोरीनच लागतो, म्हणून नमुना वस्तीच्या अगदी शेवटच्या नळाचा घ्यावा.