वेब सिक्युरिटी अप्लायन्स बाहेर काय पाठवतं?

बऱ्याच ऑफिसांत कुणीही वेबसाइट उघडली, की ती मागणी आधी प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जाते. सिस्कोचं वेब सिक्युरिटी अप्लायन्स हे त्यासाठीचं एक जुनं, सर्रास वापरलं जाणारं यंत्र. २००७ साली सिस्कोने आयर्नपोर्ट ही कंपनी विकत घेतली, तेव्हा हे तंत्र सिस्कोकडे आलं. साइट कितपत भरवशाची आहे, याचे उणे १० ते अधिक १० असे गुण ते देतं. ते ठरवताना जगभरातल्या अशाच यंत्रांकडून आलेली माहितीही उपयोगी पडते. साहजिकच आपलं यंत्रही काही ना काही बाहेर कळवत असतं, आणि गैरसमज सुरू होतात ते इथे.

‘आमचे पासवर्डही बाहेर जातात’ ही भीती निराधार आहे. युजरनेम आणि पासवर्ड यात गोळा होत नाहीत. पत्ते आणि फाइलींची नावं मात्र जाऊ शकतात, आणि गोपनीय गोष्ट कितीदा तरी फाइलीच्या नावातच असते. माहितीच्या या देवाणघेवाणीत सहभागाची ‘स्टँडर्ड’ पातळी निवडली तर अख्खी यूआरएल जशीच्या तशी जाते. ‘लिमिटेड’मध्ये सर्व्हरच्या नावापुढचे तुकडे एमडी-५ने हॅश होऊन जातात.

‘मग लिमिटेड ठेवलं की निर्धास्त!’ मला सर्वांत घातक वाटतो तो हा समज. हॅश केलेल्या तुकड्याच्या जागी ३२ अक्षरांची अगम्य ओळ दिसते. ती उलगडून मूळ मजकूर काढता येत नाही, हे खरं. पण एका मजकुराचा हॅश दरवेळी तोच येतो, त्यामुळे अंदाज लावून पडताळता येतो. समजा, एखाद्या हॉस्पिटलच्या पोर्टलवर रुग्णाचा अहवाल त्याच्या मोबाइल नंबरच्या पत्त्यावर उघडतो. दहा अंकी संख्या होऊन होऊन किती, तर १,००० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे एमडी-५ काही सेकंदांत काढतं. जुळला की नंबर उघड. गूगलच्या सेफ ब्राउझिंगमध्ये हॅशचे फक्त पहिले ४ बाइट पाठवून उरलेली तुलना आपल्याच उपकरणावर करायची सोय आहे, ती याच कारणासाठी. इथे उपाय हातातला आहे: असे डोमेन आणि आयपी अपवादाच्या यादीत टाका. सहभाग पूर्ण बंद करावा, असं मला वाटत नाही. नवी फसवी साइट आज एका संस्थेत दिसली, तर उद्या दुसरी वाचते ती या देवाणघेवाणीमुळेच.

‘एचटीटीपीएसमुळे यंत्राला काही दिसतच नाही’ हेही अर्धंच खरं. डिक्रिप्शन बंद असेल तर सर्व्हरचं नाव तेवढं कळतं. चालू केलं की पूर्ण पत्ता यंत्राला दिसतो. म्हणून डिक्रिप्शन सुरू करायच्या दिवशीच बँका व आरोग्यसेवेच्या साइट त्यातून वगळाव्यात.

आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये हे बदल करताना ‘सबमिट’ दाबलं म्हणजे बदल लागू झाला असं नाही. ‘कमिट चेंजेस’ केल्याशिवाय यंत्र जुन्याच सेटिंगवर चालत राहतं.

शेवटचा समज भारतातल्या संस्थांना महागात पडू शकतो: ‘सिस्कोला माहिती जातेच, सायबर घटना वेगळी कळवायला कशाला हवी?’ सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणं बंधनकारक आहे. यंत्र आपोआप पाठवतं ती माहिती या कळवण्यात धरली जात नाही. ते काम संस्थेलाच करावं लागतं.